खळखळ थांबली

शनिवारी संध्याकाळी बेळगावच्या उद्यमबागेतून गाडी घेऊन घरी आलो तेव्हा फाटक बंद होते. आप्पा व्हरांड्यात पेपर चाळत बसले होते. मी गाडी उभी केली, हेल्मेट काढून टाकीवर ठेवले आणि स्वतःच कडी काढून फाटक उघडले. त्या कडीच्या आवाजाने त्यांनी मान वर केली आणि विचारले, "कवा आलास? आवाज आला नाही की." मी "आत्ताच" म्हणालो आणि गाडी आत लावली. घडले ते एवढेच. पण तेव्हापासून माझे मन कशातच लागत नाही, आणि आज रविवारचा सगळा दिवस तसाच गेल्यावर आता हे लिहायला बसलो आहे.

या गाडीसाठी आप्पांना हॉर्न कधी लागला नाही. गल्लीच्या तोंडाशी वळताना मी क्लच दाबला की इंजिनाच्या उजव्या अंगाने खळखळ सुरू होई, पितळी डब्यात सुपारीची खांडे हलवावीत तशी. ती कानावर पडली की ते उठत, चपला शोधत आणि मी दारात पोहोचेपर्यंत फाटकाचे एक पान उघडलेले असे. याबद्दल आमच्यात कधी बोलणे झाले नाही. काकूही त्याच आवाजावर स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावत. पेट्रोल पंपावरच्या मुलांना मात्र दर वेळी तो बिघाड वाटे, आणि "साहेब, आत काहीतरी सुटलंय बघा" असे ते काळजीने सांगत. पूर्वी मी त्यांना समजावत असे, पुढे मान डोलावून निघू लागलो.

बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्या तेलात बुडालेला असतो. माझ्या डुकाटी मॉन्स्टर 1100 चा क्लच कोरडा आहे. घर्षणाच्या आणि पोलादी प्लेटा एकाआड एक रचून बास्केट या डब्यासारख्या भागात बसवलेल्या असतात आणि घर्षणप्लेटांच्या कडेचे दात त्याच्या उभ्या बोटांमधल्या फटींत अडकतात. लीव्हर सोडलेला असताना स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात. लीव्हर दाबला की तो दाब सुटतो, प्लेटा मोकळ्या होतात आणि इंजिनाच्या प्रत्येक हिसक्याबरोबर त्यांचे दात बोटांवर आपटू लागतात. मध्ये तेल नसल्यामुळे तो आघात मऊ करणारे काही नसते. बोटे अ‍ॅल्युमिनियमची असल्यामुळे प्रत्येक आपटण्याने ती किंचित खचतात, फट किंचित रुंदावते, आणि फट रुंदावली की आवाज आणखी वाढतो. म्हणजे जो आवाज ऐकून आप्पा उठत होते, तो माझ्या गाडीच्या झिजण्याचा होता.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण गाडीचे काम करणाऱ्या मामांनी जुनी बास्केट काढून वर्तमानपत्रावर ठेवली तेव्हा ते प्रथमच डोळ्यांनी दिसले. प्रत्येक बोटाच्या कडेवर प्लेटांच्या जाडीएवढ्या अंतराने एकाखाली एक खाचा पडल्या होत्या, आणि वरून खाली नख फिरवले तर ते पायरीपायरीने अडकत होते. तळाशी काळी भुकटी साचली होती. ती माझ्या हाताच्या बोटांच्या रेषांत अशी शिरली की घरी येऊन तीनदा साबण लावला तरी अंगठ्याची रेघ काळीच राहिली. मामांनी एका खाचेत व्हर्नियरचे टोक घातले, पाहिले, आणि आकडा न सांगता व्हर्नियर पुसून ठेवून दिला.

काम टाळण्यासारखे नव्हतेच. पहिल्या रेल्वे गेटपाशी गेट पडलेले असताना न्यूट्रल सापडेनासा झाला होता. प्लेटा त्या खाचांत अडकून पूर्ण मोकळ्या होत नसत, त्यामुळे लीव्हर हँडलला टेकला तरी गाडी पुढे ओढ घेत राही. समोर रिक्षा, मागे बस आणि आपण दोन्ही ब्रेक दाबून उभे. उन्हाळ्यात अशा ताटकळण्यात कोरडा क्लच लवकर तापतो, तापला की पकड बदलते, आणि मग सुटताना गाडी हिसका देते. ही यंत्रणा शर्यतीच्या मैदानासाठी योग्य आहे. प्लेटांना तेलाचा ओढा नसतो, शिवाय घर्षणाची भुकटी इंजिनाच्या तेलात मिसळत नाही. टिळकवाडीच्या संध्याकाळच्या गर्दीसाठी ती योग्य नाही, हे मला मान्य करावे लागते.

नव्या बास्केटची आणि प्लेटांची वाट पाहण्यात उन्हाळ्याचा बराच भाग गेला. माझ्याबरोबर आंबोलीला जाणाऱ्या मित्रांच्या गाड्यांना काही झाले तर खडे बाजारात नाहीतर फार तर कोल्हापुरात सुटा भाग मिळतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर येते. माझ्यासाठी पुणे साडेतीनशे किलोमीटरांवर आणि बेंगळुरू पाचशेवर. दोन्हीकडे फोन केले की सगळे अदबीने बोलतात आणि शेवटी भाग परदेशातून मागवावा लागेल असेच सांगतात. त्या आठवड्यांत बंद गाडीवरची चादर उचलून पाहायची आणि पुन्हा पसरायची, एवढेच माझ्या हाती होते. हे दुखणे कोणाला सांगावे तर इतकी महागडी गाडी बाळगणाऱ्याने तक्रार करू नये असा समोरच्याचा चेहरा होतो. दादाशी बोलता आले असते. पण तो विषय आता नको.

म्हणूनच मला स्वतःचे नवल वाटते. इतके दिवस ज्या दुरुस्तीसाठी झुरलो, ती पूर्ण झाली आणि अगदी चोख झाली. मधल्या नटला जवळपास 190 न्यूटन मीटरचा पीळ द्यावा लागतो आणि त्या वेळी क्लच फिरू नये म्हणून खास अवजार लागते. मामांनी जुन्या दोन प्लेटा एकमेकींना वेल्ड करून, त्यांना पट्टीचा लांब दांडा जोडून ते अवजार स्वतःच तयार केले. टॉर्क रेंचचा 'टक्' आवाज येईपर्यंत मी तो दांडा धरून उभा होतो. लीव्हरचा दाब क्लचपर्यंत पोहोचवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचे गळके सील बदलले, नवा फ्लुइड भरला. गाडी सुरू करून लीव्हर दाबला तेव्हा बारीक टिकटिक तेवढी ऐकू आली. मामांच्या चेहऱ्यावर समाधान होते. मी विचारले, "मामा, आवाज परत कधी येईल?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "आवाज कशाला पायजे तुला?" ते म्हणाले. "ढिलं झालं की वाजतंय, नीट बसलं की गप. आता गप बसलंय, चालवत बस की."

त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी रात्रभर मी उत्तर शोधत होतो. या गाडीचे खरे वैशिष्ट्य क्लचमध्ये आहेच कुठे, असे मी स्वतःला समजावले. ते तिच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. इतर इंजिनांत व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटतो. डुकाटीत तो उघडायला एक रॉकर म्हणजे तरफ आणि मिटवायला दुसरी, दोन्ही कॅमच्या हुकमतीत. फाबिओ तालिओनी या अभियंत्याने 1956 मध्ये ही डेस्मोड्रोमिक रचना कंपनीच्या 125 सीसीच्या शर्यतीच्या गाडीत आणली, आणि त्या गाडीने पहिल्याच उतरण्यात स्वीडनची शर्यत जिंकली. माझ्या गाडीत आजही प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह आणि तीच रचना आहे. तिच्या शिम, म्हणजे फट नेमकी राखणाऱ्या पातळ चकत्या, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने घासून बसवाव्या लागतात, आणि ते काम मामा पंपांचे व हायड्रॉलिक सिलिंडरांचे जॉब बाजूला सारून सरफेस ग्राइंडरवर जीव लावून करतात.

मग एक्झॉस्टचा आवाज. दोन सिलिंडर 90 अंशांत, त्यामुळे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. एका ठोक्यानंतर दुसरा 270 अंशांनी, आणि पुढचा 450 अंशांनी. ती अडखळती लय तर जशीच्या तशी आहे. सायलेन्सर मी कधी बदलला नाही. काकूंच्या घरी बाळ तान्हे होते तेव्हा ते जमण्यासारखे नव्हते, आणि पुढे ती इच्छाच उरली नाही. आप्पांना ही लय ऐकू यायला हवी होती. पण गल्लीतून इतक्या गाड्या जातात की त्यांच्या कानाने खूण म्हणून धरली होती ती खळखळच, हे आता उमगते.

कंपनीने स्वतःदेखील हा क्लच सोडून दिला होता. याच मॉन्स्टरची 2011 ची इव्हो आवृत्ती तेलातल्या क्लचची निघाली, आणि तिच्या जाहिरातीत मऊ लीव्हर व शांत चालणे हे गुण म्हणून सांगितले गेले. पुढे 2019 मध्ये पानिगाले व्ही 4 आर या शर्यतीच्या जातीच्या गाडीत त्यांनी कोरडा क्लच पुन्हा आणला. त्यामागे तांत्रिक कारणे असतीलच. पण बोलोन्यातल्या त्या कारखान्यात कोणाला तरी या आवाजाची आठवण झाली असेल असे मला वाटते, आणि हे वाटणे मी सोडणार नाही.

आज दुपारी वळीव पडून गेल्यावर मी जुनी बास्केट पुन्हा हातात घेतली. मामांनी ती भंगारात मागितली होती. इथे ओतकामाच्या भट्ट्या इतक्या आहेत की अ‍ॅल्युमिनियमचा तुकडाही वाया जात नाही. मी ती दिली नाही. क्षणभर असेही मनात आले की नव्या बास्केटमध्ये जुन्या प्लेटा घालाव्यात, दातांची झीज पुरेशी आहे, आवाज लगेच परत येईल. पण झिजलेले दात नव्या बोटांना पहिल्या दिवसापासून खाऊ लागतील, आणि चांगला भाग आवाजासाठी मुद्दाम खराब करणे माझ्याच्याने होणार नाही. यंत्रावर माझे प्रेम आहे असे म्हणायचे आणि त्याची झीज मागायची, हे दोन्ही एकत्र कसे बसवावे ते मला दुपारभर कळेना.

गाडी पुण्याहून आणली तेव्हा एमएच 12 ची पाटी जाऊन केए 22 ची आली होती. ना हरकत दाखला, इथला कर, आरटीओचे हेलपाटे, सगळे उरकून नवी पाटी लागली त्या दिवशी आप्पा तिच्याकडे बराच वेळ पाहत उभे राहिले आणि काही न बोलता आत गेले. त्याविषयी पुन्हा कधीतरी लिहीन. आज ते आठवण्याचे कारण एवढेच की त्यानंतर ते गाडीजवळ फारसे आले नाहीत. फाटकापर्यंत मात्र आले, रोज आले. मला वाईट वाटते आहे ते याचे, आवाजाचे एकट्याचे नाही.

संध्याकाळी अखेर गाडी बाहेर काढली. खानापूर रस्ता ओला होता, पिरनवाडीच्या पुढे वाहतूक विरळ झाली. क्लच दोन बोटांनी दाबला जात होता. तिसऱ्यातून दुसऱ्यात गिअर असा बसला की पायाला टोकसुद्धा जाणवले नाही. 1078 सीसीचे इंजिन खालच्या फेऱ्यांवर जसे ओढते, तसे कित्येक महिन्यांत ओढले नव्हते, कारण लीव्हरच्या धास्तीने मीच त्याला मोकळे सोडत नव्हतो. अर्ध्या तासात मन निवळले. परतताना गेट पडलेलेच होते. उभा राहिलो, न्यूट्रल पहिल्या प्रयत्नात लागला, आणि नुसत्या टिकटिकीकडे कान देत असताना वाटले की नवी बोटेही अ‍ॅल्युमिनियमचीच आहेत. शहरातली दोन-चार हजार किलोमीटर झाली की ती आपोआप बोलू लागतील. तोवर मी गल्लीत वळताना हॉर्न देईन. आप्पांना हॉर्नचा राग येतो, पण ते उठतील.

क्लचवरचे मूळ बंद कव्हर परत लावावे का, हा प्रश्न उरला होता. सध्याचे उघडे कव्हर मामांनीच केलेले आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पाटातून खिडक्या कापून, कडा हाताने पॉलिश करून दिलेले. ते लावले तेव्हा क्लच गार राहावा असे मी सर्वांना सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. पण पावसात चोर्ला घाटाच्या बाजूला गेले की त्या खिडक्यांतून चिखलाचे बारीक खडे आत जातात आणि नव्या प्लेटांना ते सोसणार नाहीत. कव्हर मी उघडेच ठेवणार आहे. आतून बारीक स्टीलची जाळी बसवता येईल का, आणि ती प्लेटांच्या फिरण्यापासून किती दूर राहील, हे मामांना सोमवारी विचारायचे आहे. टायमिंगचे दोन्ही बेल्टही वयोमानाने बदलायला आले आहेत, तेही त्याच खेपेला सांगायला हवे, म्हणजे मिरगाच्या आधी दोन्ही कामे उरकतील.