पोहे, टेलिफोनची तार आणि ७१ ची लढाई

आमच्या शेजारचे आजोबा सिग्नल्सचे, म्हणजे सैन्याच्या संपर्क यंत्रणेतले, ट्रेनिंग इथेच महूला, १९७१ ला पाकिस्तान सीमेवर शकरगढच्या बाजूला होते. दर रविवारी पोहे-जिलेबी खायला आले की तेच दोन किस्से, म्हणून मी कधी लक्षच दिलं नाही, खरं सांगतो. गेल्या महिन्यात ते माझं नाव विसरले आणि मी घाबरून मोबाइल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला.

आधी विचारलं, लढाई कशी होती? तर ३ डिसेंबरला हवाई हल्ला, १६ ला ढाक्यात शरणागती... हे तर पुस्तकातही आहे. मग विचारलं, आजोबा, रात्री हातात काय असायचं? अन् पुढे दीड तास! बधिर बोटं, दातांनी सोललेली टेलिफोनची तार, रणगाडा वरून गेला की ती तुटणार की परत अंधारात चाचपत जोडायला जायचं, आणि बसंतर नदीकाठच्या सुरुंगांवर आले तसे एकदम गप्प झाले, मी पण गप्प, ती शांतता तशीच ठेवलीये.

एक तारीख चुकली, टोकलं नाही, वेगळी लिहून ठेवली. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसचा माजी सैनिकांच्या आठवणी जपायचा असा प्रोजेक्ट २००० पासून चालू आहे, मुलाखत किमान ३० मिनिटांची लागते.

आणि हो, व्हिडिओ नुसता व्हॉट्सॅपवर टाकून मोकळे होऊ नका, क्वालिटी पार बसते. माझी एक कॉपी लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, एक पुण्याला ताईकडे.

येत्या रविवारी पत्रांची ट्रंक उघडायचीये. चावी आजींकडे, त्या अजून तयार नाहीत.