काळी शाई, कोरा कागद

अॅब्स्ट्रॅक्ट (अमूर्त) चित्रासमोर उभं राहिलं की लोक आधी विचारतात, हे नक्की काय आहे? रंगीत असलं तर निदान रंग छान आहेत म्हणून पुढे तरी जाता येतं पण नुसती काळी शाई असली की तेही नाही, आणि मला मात्र तीच जास्त बोलकी वाटते. तैलरंग खरवडता येतो, वर दुसरा थर देता येतो. शाई कागदात मुरली की मुरली, हात कुठे रेंगाळला, कुठे सुसाट गेला, कुठे दम संपला, सगळं उघडं राहतं. एकच फटकारा जवळून बघा, सुरुवातीला भरगच्च काळा, मध्ये ब्रश सुकत गेला म्हणून केसांच्या रेघा सुट्या झालेल्या आणि त्यांच्यामधून कागद दिसतोय, त्यात ना झाड ना माणूस तरी राग आहे की थकवा ते कळतं!

आणि आमच्याकडे गोव्यात फोंड्याला पावसाळ्यात कागद पण गप्प बसत नाही. हवाच इतकी दमट की पातळ शाई लवकर सुकतच नाही, पसरत राहते. जुन्या कागदाचं सायझिंग (शाई पसरू नये म्हणून दिलेली खळ) ओलीनं गेलं असेल तर टीपकागदासारखी शोषली जाते आणि कडांना कोळ्याच्या पायांसारखे बारीक फाटे फुटतात. मी तर मुद्दाम जून-जुलैत चित्रं काढते, एसीत बसून तसं होतच नाही.

चित्रकार वासुदेव गायतोंडे म्हटलं की सगळ्यांना लिलावातले मोठे कॅनव्हासच आठवतात. जन्म नागपूरचा (1924) पण घराणं गोव्याचं. 1984 च्या अपघातानंतर काही वर्षं त्यांना मोठे कॅनव्हास जमेनात आणि त्या काळात त्यांनी कागदावर शाईनं छोटी कामं केली. अक्षरांसारख्या खुणा, पण वाचता येईल असं एकही अक्षर नाही. आपल्या चित्रांना ते अॅब्स्ट्रॅक्ट म्हणतच नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत, म्हणजे कुठल्याच वस्तूचं चित्र नसलेली. माझ्या मते ही कागदं त्यांच्या कॅनव्हासइतकीच मोठी आहेत, आणि गोव्यात तरी या कागदांबद्दल जास्त बोललं जायला हवं.

आता कोणी म्हणेल की मग चित्रकार नसरीन मोहमदीचं काय, तिच्या रेघा तर ड्राफ्टिंगच्या (नकाशे आखायच्या) पेननं ओढलेल्या, हाताचा थरकाप कुठेच नाही. खरंय, पण तिथे सगळा जोर आवरण्यात आहे. दोन रेघांमधलं अंतर हळूहळू कमी होत जातं, आणि बघताना आपला श्वास पण आखडत जातो.

फोटोत यातलं अर्धं दिसत नाही हां. प्रदर्शनात गेलात तर काचेत आपलंच तोंड दिसतं, म्हणून जरा बाजूला सरकून तिरकं बघा, मग शेलॅकवाली (लाख घातलेली) शाई हलकी चमकते, आणि पातळ शाई कागदात किती खोल गेलीय ते कळतं.