बाटली आपली चालत नाही

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका वाड्यात मी शनिवारी दुपारी मराठी मुलांचा बालवर्ग घेते. नऊ ते बारा वर्षांची १४ मुलं. या पावसाळ्यात ‘पाणी’ हा विषय घेतला आणि त्यातल्या एका कागदापायी मला चार खेपा पडल्या. तो राग अजून उतरलेला नाही.

सुरुवात सोपी होती. एक लिटरची बाटली बुडाशी कापून उलटी धरली, तोंडाशी कापूस, त्यावर कोळशाचा चुरा, मग बारीक वाळू, जाड वाळू आणि वर खडी. गढूळ पाणी अंगणातल्या डबक्यातलं. विश्वामित्री नदीचं आणू या, असा मुलांचा हट्ट होता, पण तिथे मगरी आहेत, काठावर मुलं न्यायची नाहीत म्हणजे नाहीत. तुरटी फिरवून गाळ खाली बसवला, वरचं पाणी गाळलं, आणि खाली खरंच नितळ पाणी पडायला लागलं. एका मुलीने बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, ‘स्वच्छ पाणी’, आणि विचारलं, “काकू, आता प्यायचं?”

नाही म्हटलं. जंतू या गाळणीत अडकत नाहीत हे परोपरीने सांगितलं, पण कुणाला पटेना. दिसतंय ना स्वच्छ! मग ठरवलं, तपासणीचा कागदच यांच्या हातात द्यायचा. नमुने तीन: घरचा नळ, एका मुलाच्या सोसायटीची जमिनीखालची टाकी आणि आमचं गाळलेलं पाणी.

शहरातल्या एका प्रयोगशाळेत फोन केला. “घेऊन या,” एवढंच सांगितलं. मी मुलांना सांगून बसले की पुढच्या शनिवारी निकाल. असा शब्द मुलांना कधी देऊ नका.

पहिल्या खेपेला घरच्याच सरबताच्या बाटल्या नेल्या. खिडकीवरच्या गृहस्थांनी त्या हातही न लावता परत केल्या. “बेन, आ बॉटल नहीं चाले.” बाटली त्यांच्याकडची, निर्जंतुक केलेलीच लागते. ती मिळते ११ ते १ मध्ये, आणि घड्याळात दीड वाजला होता. दुसऱ्या खेपेला बाटल्या मिळाल्या, पण अर्ज अडला. पाण्याचा स्रोत: नळ, बोअर, विहीर, टाकी. मुलांनी गाळलेलं पाणी कुठल्या रकान्यात लिहू? ‘इतर’ नव्हतंच. मग संस्थेचं पत्र आणा म्हणाले. बालवर्गाकडे कुठला शिक्का? ओळखीच्या एका मंडळाने पत्र दिलं तेव्हा कुठे तिसरी खेप झाली. नमुने भरून, उन्हातून धापा टाकत पोचले, तर “शुक्रवारे सॅम्पल नथी लेता.” जंतू वाढवून बघायला ४८ तासांपर्यंत लागतात आणि रविवारी बघायला माणूस नसतो. कारण रास्त आहे, मला मान्य आहे. पण फोनवर कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर? निदान खिडकीशेजारी एक कागद चिकटवला असता तर? पहिले दोन शनिवार मुलं आल्या आल्या “निकाल?” विचारायची. तिसऱ्या शनिवारी कुणी विचारलंच नाही. ते मला फार लागलं.

वर्ग मात्र रिकामा जाऊ दिला नाही. सयाजीरावांनी आजवा सरोवर बांधून १८९२ मध्ये बडोद्याला नळाचं पाणी दिलं, हे सांगितलं. मग हिशेब मांडला. जलजीवन मिशन, म्हणजे घरोघरी नळ देण्याची केंद्राची योजना, खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरते. पाच जणांच्या घराला २७५, म्हणजे १० लिटरच्या २७-२८ कळशा. एक भरलेली कळशी दोघादोघांनी धरून चौकाला फेरी मारायची. दुसऱ्याच फेरीत खाली ठेवली. “काकू, रोज?” हे मी दहा तास बोलून शिकवू शकले नसते.

चौथी खेप मंगळवारी, शाळेला सुट्टी होती म्हणून चार मुलं बरोबर. या वेळी आतून एक तंत्रज्ञ बाई स्वतः बाहेर आल्या आणि बाटलीतली पांढरी पूड मुलांना दाखवली. सोडियम थायोसल्फेट. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन ती निकामी करते. नाहीतर वाटेतच जंतू मरत राहतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. म्हणून बाटली विसळायची नाही. आमच्या मुलांनी शुक्रवारच्या तिन्ही घासून विसळल्या होत्या! नळ आधी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, बाटली काठोकाठ भरायची नाही, आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवायची.

निकाल आला. नळाचं पाणी चांगलं. गाळलेल्या पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे तो एकही आढळता कामा नये, असं भारतीय मानक आहे. टाकीतही कोलिफॉर्म, म्हणजे त्याच गटातले जंतू, निघाले. त्या मुलाने तो कागद घरी नेला, वडिलांनी सोसायटीत दाखवला. टाकीच्या झाकणाला तडा होता. नवं झाकण बसलं, टाकी उपसून धुतली गेली.

चिठ्ठीवरचं ‘स्वच्छ’ त्या मुलीने स्वतःहून खोडलं आणि ‘गाळलेलं, प्यायचं नाही’ असं लिहिलं.

हो, आणि कोळसा आधी चार पाण्यांनी धुऊन घ्या. आमचं पहिलं पाणी शाईसारखं काळं आलं होतं.