टाळ्या ऐकू येतात, भाषण नाही

एडिटिंगच्या धंद्यात ‘आवाज येत नाही’ हा फोन काही नवा नाही. बऱ्याचदा समोरच्याचा टीव्हीच म्यूट असतो, नाहीतर फाइल पूर्ण उतरायच्या आधीच पेनड्राइव्ह उपटलेला असतो. कागलकडच्या एका गावातून आलेली तक्रार मात्र निराळी होती. ‘‘ताई, चित्र झ्याक हाय. सनई वाजत्या, टाळ्या बी ऐकू येत्यात. आप्पा बोलाय लागलं की सगळं गप. नुसतं घूं करतंय.’’

आप्पा म्हणजे निवृत्त शिक्षक. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा कोल्हापुरात एका मंगल कार्यालयात झाला होता. शूटिंग एकाचं, साउंड दुसऱ्याचा, आणि राजारामपुरीत माझ्याकडे फक्त एडिटिंग. त्याच संध्याकाळी गावात देवळापुढे पडदा लावून भावकीला फिल्म दाखवायची होती. आचारीसुद्धा सांगून झाला होता.

मी प्रीमिअर, म्हणजे माझा एडिटिंगचा प्रोग्रॅम, उघडलं. टाइमलाइनवर भाषण खणखणीत. कुठला ट्रॅक म्यूट नाही, सोलो कशावर नाही, एक्स्पोर्टच्या खिडकीत ऑडिओची खूण जागेवर. मग एक्स्पोर्ट झालेली फाइल मीडियाइन्फोत टाकली. फाइलच्या पोटात काय काय आहे ते हा फुकटातला प्रोग्रॅम सरळ सांगतो. एएसी, ४८ किलोहर्ट्झ, दोन चॅनल. म्हणजे आवाज होता. व्हीएलसीवर, हेडफोन लावून, तोही ऐकला. आप्पा व्यवस्थित बोलत होते.

अशा वेळी ‘आमच्याकडे तर येतोय’ म्हणून फोन ठेवणारे लोक या धंद्यात पुष्कळ आहेत. पण माझ्या डोक्यात ते ‘घूं’ बसलं होतं. सेटिंग चुकलं असतं तर सगळाच आवाज गेला असता. सनई आणि टाळ्या राहून फक्त भाषण कसं जाईल? टाळ्या कॅमेऱ्याच्या माइकवरून घेतल्या होत्या, सनई मी मागाहून घातली होती, आणि भाषण तेवढं साउंडवाल्याच्या मिक्सरवरून थेट रेकॉर्डरमध्ये गेलं होतं. म्हणजे गडबड एकाच वाटेवर होती.

तीच फाइल माझ्या मोबाइलवर टाकली आणि मोबाइलच्या स्पीकरवर लावली. आप्पा उठले, माइक जवळ ओढला, ओठ हलले, आणि घूं! शिकायला येणारा पोरगा मागून म्हणाला, ‘‘बाबूराव पेंटरांच्या गावात परत मूकपट चालू झालं म्हणायचं.’’ १९२०च्या दशकातल्या त्या मूकपटांत निदान मधे मधे पाट्या तरी असायच्या. आमच्या आप्पांना तेवढीही सोय नव्हती.

पुन्हा हेडफोन लावून ऐकलं. आता एक गोष्ट जाणवली, जी नीट कान देऊन ऐकल्याशिवाय कळत नाही. आवाज समोरून, मधून येत नव्हता. दोन्ही कानांच्या बाहेर कुठेतरी पसरलेला, पोकळ. वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावर दिसणारा आवाजाचा आलेख, झूम करत करत एका अक्षरावर आणला. वरच्या पट्टीत डाव्या चॅनलची रेघ डोंगरासारखी वर चढत होती, आणि खालच्या पट्टीत नेमक्या त्याच जागी उजव्याची रेघ तेवढीच खोल उतरत होती. एकीची दुसरी हुबेहूब उलटी.

हेडफोनवर डावा डाव्या कानात, उजवा उजव्यात, त्यामुळे दोन्ही ऐकू येतात. माझ्या मोबाइलला स्पीकर एकच. तो दोन्ही चॅनल एकत्र करतो, आणि मग खासबागेत दोन सारख्या ताकदीचे मल्ल एकमेकांना रेटत जागच्या जागी उभे राहावेत, तसं होतं. जोर दोघांचा, पण हालचाल शून्य. गावात लावलेला ट्रॉली स्पीकरही असाच मोनो, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र करणारा, निघाला.

हे झालं कसं, ते केबल बघितल्यावर कळलं. साउंडवाल्याला ती घेऊन बोलावलं. एका टोकाला मिक्सरात लावायची तीन टोकांची कॅनन पिन, दुसऱ्या टोकाला हेडफोनला असते तशी छोटी स्टीरिओ ईपी पिन, घरीच सोल्डर मारलेली. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमध्ये पिन २ वर सरळ सिग्नल असतो आणि पिन ३ वर तोच उलटा. लांब वायरीत घुसणारी खरखर पुढे कापता यावी, म्हणून. याने २ नंबर डाव्याला जोडला, ३ नंबर उजव्याला. रेकॉर्डरने बिचाऱ्याने त्याला स्टीरिओ समजून घेतलं. ‘‘पर ताई, दोनी लाइटा तर हालत हुत्या,’’ तो म्हणाला. हलणारच. मीटर फक्त जोर दाखवतो, दिशा दाखवत नाही.

‘घूं’चाही उलगडा झाला. कार्यालयातल्या लाइटिंगची गुणगुण वायरीत घुसली होती ती दोन्ही तारांवर सारखीच, सरळच. मोनोत आवाज एकमेकांना खाऊन संपला आणि गुणगुण तेवढी उरली.

सोपा उपाय म्हणजे ‘फिल राइट विथ लेफ्ट’ टाकायचं: डावाच दोन्हीकडे. भाषण परत येतं, पण गुणगुण राहते. मी क्लिप ‘ब्रेकआउट टू मोनो’ करून दोन तुकडे केले, उजव्यावर ‘इन्व्हर्ट’ टाकलं आणि दोन्ही मधोमध ठेवले. आता उलट गुणगुणच नाहीशी झाली होती आणि आवाज एकमेकांत मिसळून दुप्पट. सहा डेसिबल खाली घेतला. भाषण आधी होतं त्यापेक्षा स्वच्छ झालं. बॅलन्स्ड केबलचं जे काम रेकॉर्डरच्या तोंडाशी व्हायला हवं होतं, ते टाइमलाइनवर झालं, एवढंच.

सगळी फिल्म परत रेंडर करायला वेळ नव्हता. फक्त ऑडिओ बाहेर काढला आणि एफएफएमपेग नावाच्या फुकटातल्या प्रोग्रॅमने जुन्या व्हिडिओला हात न लावता त्यात बसवला. द्यायच्या आधी मोबाइलच्या स्पीकरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवला. पोरगा गाडीवरून पेनड्राइव्ह घेऊन गेला.

रात्री गावातून तक्रार करणाऱ्या त्या मुलाचा फोन. मागे पंगतीचा गलका. ‘‘ताई, आवाज एक नंबर आलाय. पर आप्पा लय बोलल्यात वो. लोकं ताटावर बसून ऱ्हायल्यात. पुढच्या येळंसाठी जरा निम्मं कापून द्याल काय?’’

‘‘देते की,’’ मी म्हणाले. ‘‘पण आधी आप्पांना विचारा, आणि कापायचं बिल वेगळं.’’