लांबडं घरातच होतं

मे महिन्यातील एका मंगळवारी सकाळी मुलाला उठवायला त्याच्या खोलीत गेलो, तेव्हा सापाच्या पेटीची उजवीकडची काच जेमतेम दोन बोटे सरकलेली दिसली. आत दिवा चालू होता, पाण्याचे भांडे भरलेले होते आणि लपण्यासाठी ठेवलेली झाडाची साल जागच्या जागी होती. साप मात्र नव्हता. तळाला पसरलेला लाकडाचा भुसा मी दोनदा हाताने चाळला आणि मग मुलाला हलवून विचारले की रात्री काचेला कुलूप लावले होते का. तो "हो" म्हणाला, परंतु कुलूप त्याच्या टेबलावर वहीशेजारीच पडलेले होते.

आम्ही इंग्लंडमधील लेस्टर शहरात राहतो. आमचा साप म्हणजे कॉर्न स्नेक, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, नारिंगी अंगावर तांबड्या ठिपक्यांची माळ असलेला तीन वर्षांचा नर. भारतात असतो तर तेथील सापांपैकी एकही घरात ठेवता आला नसता, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलेले आहे, आणि ते योग्यच आहे. ब्रिटनमध्ये नागासारखा विषारी साप पाळायचा तर १९७६ च्या कायद्यानुसार स्थानिक परिषदेचा परवाना काढावा लागतो; कॉर्न स्नेकला तो लागत नाही. परवाना लागत नसल्यामुळेच की काय, माझ्यासारखे पालक मुलाच्या वाढदिवसाला हा साप घेऊन येतात आणि कुलपाचा विचार मागाहून करतात.

साप 'पळाला' असे आपण म्हणतो, पण त्यात पळून जाण्याचा बेत वगैरे काही नसतो. रात्र झाली की तो पेटीच्या कडेकडेने फिरतो, प्रत्येक कोपऱ्यात नाक खुपसतो आणि जेथे काही थोडे हलते तेथे पुन्हा पुन्हा जोर लावतो. सरकत्या काचा खोबणीत सैल बसलेल्या असतात. नाकाने ढकलत राहिल्यास त्या केसभर सरकतात, आणि डोके गेले की उरलेले अंग त्यामागून निघून जाते. काच नाही तर पेटीच्या मागे वायरींसाठी पाडलेले भोक असते. त्यात वसंत ऋतूमध्ये नर खाणे सोडून मादीच्या शोधात अस्वस्थ फिरू लागतात. आमच्याने लागोपाठ दोन वेळा उंदीर नाकारला होता आणि आम्ही त्याचे पोट बिघडले असावे असा अर्थ काढला होता. त्याच आठवड्यात कुलूप टेबलावर राहावे, याला योगायोग म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

हे केवळ आमच्यासारख्या हौशी लोकांच्याच बाबतीत घडते असेही नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोममधील स्कान्सेन मत्स्यालयातून दोन मीटरहून लांब नागराज, म्हणजे किंग कोब्रा, नाहीसा झाला. तो छताजवळच्या दिव्याच्या खोबणीतून निसटला होता. पूर्वी तेथे तापणारा दिवा असे, त्याच्या जागी विजेची बचत करणारा थंड दिवा बसवला गेला आणि वाट मोकळी झाली. शोधणाऱ्यांना तो क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने इमारतीच्या भिंतींमधल्या पोकळीत आढळला, आणि सुमारे आठवड्याने तो आपण होऊन पेटीत परतला. ही बातमी मी त्या मंगळवारी तीनदा वाचली. नागराज परत येतो तर आमचा कॉर्न स्नेक का नाही, एवढाच माझा युक्तिवाद होता.

आई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिचे बालपण सांगली जिल्ह्यात उसाच्या मळ्यालगत गेले असल्यामुळे तिला सापाची भीती कमी आणि शिस्त जास्त आहे. दिवेलागणीनंतर ती सापाचे नाव घेत नाही. 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणते. तिचा पहिला प्रश्न होता, "लांबडं घरात आहे की बाहेर, एवढं आधी ठरव."

शोधाची सुरुवात खरोखरच तेथून होते. सापाला थंडीत अंग तापवता येत नाही, त्यामुळे तो ऊब, अंधार आणि अंगाला चारी बाजूंनी टेकणारी जागा शोधतो. पेटीच्या उबदार टोकाला आम्ही तीस अंशांच्या आसपास तापमान ठेवतो. लेस्टरमधल्या मे महिन्यातल्या रात्री घराचे तापमान त्याच्या बरेच खाली जाते. त्यामुळे फ्रिजच्या मागची यंत्राची बाजू, गरम पाण्याच्या टाकीचे कपाट, टीव्हीखालचा खण आणि पुस्तकांच्या मागची फट ही ठिकाणे खोलीच्या मध्यभागापेक्षा महत्त्वाची ठरतात. आम्ही सोफा उलटा करून त्याच्या खालचे कापडही उसवले. त्यात सव्वादोन पौंडांची नाणी आणि हरवलेला मोजा सापडला. संध्याकाळी दिवे मालवून दुकानातल्या कुरकुरणाऱ्या पिशव्या भिंतीच्या कडेने पसरल्या, म्हणजे तो सरपटला की आवाज यावा. रात्रभर त्या पिशव्या केवळ माझ्याच पायाखाली वाजल्या.

आमचे घर भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतले आहे. पाण्याच्या नळांभोवतीच्या फटींमधून साप शेजाऱ्यांकडे जाऊ शकतो, त्यामुळे त्यांना सांगणे भाग होते. मी दुसऱ्या दिवशी गेलो. खरे तर पहिल्याच दिवशी जायला हवे होते. शेजारच्या बाईंनी मला शांतपणे विचारले की हे एक रात्र उशिरा सांगण्याचे कारण काय, आणि माझ्याकडे लाजेखेरीज दुसरे कारण नव्हते. मी त्यांना सापाचा फोटो दिला, तो दिसल्यास मारू नये, त्याच्यावर बादली पालथी घालून मला हाक मारावी, असे सांगितले.

बाहेर गेलेल्या सापाची गोष्ट निराळी असते. वेल्समधील कोल्विन बे येथे प्राणिसंग्रहालयातून १९७० च्या दशकात निसटलेल्या एस्क्युलेपियन जातीच्या सापांची वसाहत आजही नांदते आहे. ते निरुपद्रवी आहेत आणि स्थानिकांनी त्यांना सामावून घेतले आहे. याउलट स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर मुळात साप नव्हतेच. पाळीव म्हणून आणलेले कॅलिफोर्नियातील किंगस्नेक सुटले, वाढले आणि त्यांनी बेटावरच्या खास मोठ्या सरड्यांचा अनेक भागांत फडशा पाडला. १९८१ च्या ब्रिटिश कायद्याने परदेशी प्राणी मोकळा सुटू देणे हा गुन्हा ठरतो, हे त्या रात्री मला पहिल्यांदा नीट कळले.

तिसऱ्या दिवशी आईने कणकेचा डबा मागितला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, कपाटांच्या पायाशी आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिने चाळणीतून पिठाचा पातळ पट्टा टाकला, जसा बैठकीच्या खोलीत रांगोळी घालताना टाकावा तसा. सकाळी सहाला तिने मला उठवले. कपाटांच्या तळाशी बसवलेल्या पट्टीजवळ पिठावर एक नागमोडी खूण उमटली होती, बोटाच्या जाडीची, मध्ये खोल आणि कडांना पीठ लोटलेली. आई वाकून ती पाहत राहिली. पिठाचे कण ज्या बाजूला रेटले गेले होते, त्यावरून ती म्हणाली, "इकडून आत गेलंय. बाहेर आल्याची खूण नाही." शेतातल्या धुळीवरून हेच वाचायला तिला तिच्या आजोबांनी शिकवले होते, असे तिने नंतर सांगितले.

पट्टी सोडवण्यासाठी चार स्क्रू काढावे लागले. मी टॉर्च घेऊन आडवा झालो. भांडी धुण्याच्या यंत्राच्या मागे, गरम पाण्याच्या नळीला लागून, धूळ माखलेले नारिंगी वेटोळे दिसले. जीभ एकदा बाहेर आली आणि आत गेली. मी हात घालून त्याला उचलले तेव्हा त्याचे अंग माझ्या तळव्यापेक्षा किंचित गार होते. त्याने कोणतीही तक्रार केली नाही, माझ्या मनगटाभोवती नेहमीसारखा विळखा घातला आणि मनगटाजवळ कणीक लावून गेला.

दोन दिवसांनी तो खाऊ लागला. काचेला आता किल्लीचे कुलूप आहे, मागच्या भोकाला जाळी आहे, आणि त्वचेखाली ओळखीची चिप बसवण्याची वेळ आम्ही पशुवैद्याकडे ठरवली आहे. शेजारच्या बाईंना मी बातमी दिली तेव्हा त्यांनी दार उघडून एवढेच विचारले, "आता नक्की आत आहे ना?" मी पुन्हा जाऊन पाहून आलो आणि मग "हो" म्हटले. आई मात्र रात्री झोपण्यापूर्वी गॅस, मागचे दार आणि सापाचे कुलूप अशा क्रमाने पाहून येते, आणि तिन्ही बंद असल्याचे मला खालूनच ओरडून सांगते.