कोरड्या दिवसांतलं लिव्हिंगस्टन

झांबियाची राजधानी लुसाका, तिथून दक्षिणेला निघालेली बस मझाबुकाच्या उसाच्या मळ्यांतून, मोंझे, चोमा, कलोमो अशी गावं घेत लिव्हिंगस्टनला पोचते. अंतर सुमारे पावणेपाचशे किलोमीटर, म्हणजे अख्खा दिवस मोडतो. 2024 चा ऑक्टोबर. खिडकीबाहेर करपलेलं गवत आणि मधूनच फुलून आलेला जांभळा जॅकरांडा. शेजारच्या गृहस्थांनी कुठे निघालात म्हणून विचारलं. व्हिक्टोरिया धबधबा बघायला, म्हटलं. ते मनापासून हसले. "या महिन्यात? मग पाणी बघायला पलीकडे झिम्बाब्वेत जा."

त्यांचं बरोबर होतं. झांबेझी नदीच्या वरच्या खोऱ्यातला पाऊस मार्चअखेर संपत आला, तरी ते पाणी पश्चिम झांबियातल्या बारोत्सेच्या पूरमैदानात पसरून रेंगाळत येतं. त्यामुळे व्हिक्टोरिया फॉल्सला खरा लोंढा येतो तो एप्रिलच्या आसपास, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात नदी सगळ्यात रोड झालेली असते. त्यातून 2024 हे दुष्काळाचं वर्ष. फेब्रुवारीतच झांबिया सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती.

पूर्वेकडचा, म्हणजे झांबियाच्या वाट्याचा कडा जवळजवळ उघडा पडला होता. 1,708 मीटर रुंद आणि जास्तीत जास्त 108 मीटर उंच असा हा एकूण प्रपात. त्यातला माझ्यासमोरचा मोठा भाग म्हणजे नुसती काळी भिंत, तिच्यावरून इकडेतिकडे ओघळणाऱ्या चार-दोन धारा. आजूबाजूचे लोक हिरमुसले होते. मी मात्र कठड्याशी बराच वेळ रेंगाळले. कारण हा दगड माझ्या ओळखीचा होता. बसाल्ट! सह्याद्रीतला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा त्याहून कितीतरी जुना, सुमारे अठरा कोटी वर्षांचा. पण लाव्ह्याचे तेच एकावर एक थर, त्याच उभ्या भेगा. या भेगांमध्येच इथली सगळी गोष्ट दडली आहे. आडव्या पसरलेल्या मोठ्या भेगांत भरलेला मऊ भाग नदी आधी खरवडून काढते, तिथे अरुंद घळ तयार होते आणि पाणी तिच्यात कोसळतं. मग नदी तिच्या मागची नवी भेग शोधते. असं करत करत धबधबा मागे सरकत आला. खाली नागमोडी घळी दिसतात ना, त्या एकेकाळच्या धबधब्यांच्या जागा. एप्रिलमध्ये तुषारांच्या भिंतीपलीकडे यातलं काहीच दिसत नाही, छत्री-रेनकोटसकट माणूस भिजून निघतो. त्यालाही मजा असणारच. पण मला विचाराल तर हा धबधबा समजून घ्यायचा तो कोरड्या दिवसांत.

ज्याचं नाव शहराला दिलंय तो स्कॉटिश डॉक्टर आणि मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन तरी कधी आला होता? 1855 च्या नोव्हेंबरात. पाणी कमी होतं म्हणून तर त्याची होडी कड्यावरच्या बेटापर्यंत जाऊ शकली. राणीचं नाव त्याने दिलं. 'गडगडणारा धूर' अशा अर्थाचं मोसी-ओआ-तुन्या हे नाव तिथले लोक आधीपासून वापरत होतेच. आज दोन्ही नावं पाट्यांवर शेजारी शेजारी नांदतात.

शहर धबधब्यापासून दहा किलोमीटर लांब का, हा प्रश्न मला पहिल्या टॅक्सीतच पडला. उत्तर आहे डास. युरोपीय व्यापाऱ्यांची पहिली वस्ती नदीकाठीच होती, 'ओल्ड ड्रिफ्ट' नावाच्या, नदी ओलांडायच्या उताराजवळ. हिवतापाने तिथे इतकी माणसं गेली की 1905 च्या सुमारास बिऱ्हाड उचलून वरच्या वाळूच्या उंचवट्यावर हलवलं. ओल्ड ड्रिफ्टची खूण म्हणून आता राष्ट्रीय उद्यानात एक छोटी दफनभूमी तेवढी उरली आहे.

त्याच वर्षी घळीवरचा पोलादी पूल खुला झाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपपासून कैरोपर्यंत रेल्वे न्यायचं ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचं स्वप्न होतं आणि गाडीच्या डब्यांवर धबधब्याचे तुषार उडावेत अशी त्याची हौस. तो स्वतः मात्र 1902 मध्येच वारला. पुलाचं उद्घाटन चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन याने केलं. आज पुलावर ट्रक आहेत, बंजी जंपवाले आहेत, आणि झिम्बाब्वेच्या बाद झालेल्या अब्जावधी डॉलरच्या नोटा विकणारी चुणचुणीत पोरं. हातात काकणं, गळ्यात न्यामिन्यामीची लाकडी पदकं. न्यामिन्यामी हा टोंगा लोकांचा सर्परूपी नदीदेव. 1950 च्या दशकात खाली करीबा धरण बांधलं, सुमारे 57,000 टोंगा माणसं विस्थापित झाली. बांधकामाच्या काळात आलेले महापूर त्याच्याच कोपाने आले, असं आजही सांगतात. पदकाची किंमत मी निम्म्यावर आणली आणि तरी महागच घेतलं, असं टॅक्सीवाल्याचं मत पडलं.

शहराने बरंच पाहिलंय. 1911 पासून 1935 पर्यंत हे उत्तर ऱ्होडेशियाची, म्हणजे आजच्या झांबियाची, राजधानी होतं. मग राजधानी लुसाकाला गेली. पुढे दक्षिण प्रांताचं मुख्यालयही चोमाला नेलं. हाती राहिले ते पर्यटक. मोसी-ओआ-तुन्या रोडवर वसाहतकाळातल्या ऐसपैस व्हरांड्यांच्या इमारती अजून उभ्या आहेत, त्यांत मोबाइलची दुकानं, बँका. लिव्हिंगस्टन म्युझियम देशातलं सगळ्यात जुनं. डॉक्टरसाहेबांची पत्रं तिथे जपलेली आहेत. पण मला टोंगा बायकांची मणीकाम केलेली वस्त्रं आणि ढोल जास्त आवडले.

संध्याकाळी दुकानांपुढे जनरेटर घरघरत. धबधब्याशेजारी 108 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे, तरी वीज गायब! देशाची मुख्य भिस्त करीबावर, आणि करीबा आटलेला.

जेवायला मी मारांबा बाजारात जाई. मक्याच्या पिठाचा न्शिमा, म्हणजे आपल्या उकडीहून घट्ट गोळा, सोबत शेंगदाण्याचं कूट घातलेली भोपळ्याच्या पानांची भाजी आणि कापेंटा नावाची तळलेली सुकी मासळी. आधी हात धुवायला पाणी येतं, चमचा कोणी विचारत नाही. भाजीवालीला मी टोंगा भाषेत 'ट्वालुम्बा' म्हणून आभार मानले तर तिने शेजारणीला हाक मारून ते पुन्हा म्हणायला लावलं. मासळी दुप्पट वाढली ती वेगळीच.

पुढे बोट्सवानात जायचं होतं. पूर्वी काझुंगुला इथे तराफ्यावरून नदी ओलांडत आणि ट्रकवाले दिवसच्या दिवस खोळंबत. 2021 मध्ये तिथे पूल झाला. तो सरळ नाही, मुद्दाम वळवून बांधला आहे, कारण सरळ बांधला असता तर झिम्बाब्वेच्या हद्दीतून गेला असता.