साडेचार लिटरची बिअर आणि तळाचा गाळ

घरी बिअर बनवण्याबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं ते बहुतेक सगळं २३ लिटरच्या हिशोबाने असतं. आमच्या लीड्सच्या फ्लॅटमध्ये २३ लिटरची बादली ठेवायला जागा नाही, म्हणून मी साडेचार लिटरच्या डेमीजॉनमध्ये, म्हणजे निमुळत्या तोंडाच्या मोठ्या काचेच्या बाटलीत, बिअर लावते, आणि या मापात लावणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट लगेच कळते की बिअर छान होते पण हातात कमी येते. २३ लिटरमधले दीड लिटर गाळात गेले तर कुणी हळहळत नाही, पण साडेचारातला पाऊण लिटर गेला की अर्ध्या लिटरची दीड बाटली गेली. ९ बाटल्यांचं गणित मांडायचं आणि भरायच्या ७, तेही शेवटची गढूळ.

माझं म्हणणं असं आहे की गाळ शेवटी गाळून काढायच्या भानगडीत पडूच नका. घरगुती बिअर कापडातून किंवा कॉफी फिल्टरमधून गाळली की तिला हवा लागते आणि काही दिवसांत ओल्या पुठ्ठ्याची चव येते. गाळ कमी करायचा तो आधीच, पहिल्या तासापासून, आणि जो उरेल तो थंडीने खाली बसवायचा.

(महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगते, तिकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. इथे इंग्लंडमध्ये १९६३ पासून लायसन्स लागत नाही, फक्त विकायची नाही.)

आता गाळ येतो कुठून ते बघू. एक म्हणजे माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, पीठ, दुसरं उकळताना आणि गार होताना फुटून वेगळं होणारं प्रोटीन, तिसरा हॉप्सचा, म्हणजे कडवटपणा आणि वासासाठी घालायच्या फुलांचा, चोथा आणि चौथं यीस्ट. चारही वेगवेगळ्या वेळी येतात म्हणून उपायही वेगवेगळ्या वेळीच करायला लागतो.

माल्टपासून सुरू करते. साडेचार लिटरला साधारण १ किलो दळलेलं माल्ट लागतं, मी मॅरिस ऑटर जातीच्या बार्लीचं वापरते. पिशवीत घालून एकाच पातेल्यात भिजवायची ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रूढ केलेली पद्धत आहे ना, छोट्या बॅचला तीच बरी, कारण भांडी कमी आणि प्रत्येक भांड्याला चिकटून राहणारं वर्टही, म्हणजे माल्टचं गोड पाणी ज्याची पुढे बिअर होते तेही, कमी. दुकानातून माल्ट दळून घेताना फार बारीक दळू नका म्हणून सांगा, पीठ झालं की ते पिशवीतून सुटतं आणि थेट तळाला जातं. पिशवी उचलताना सावकाश उचला, चाळणीवर ठेवून निथळू द्या आणि मग खुशाल पिळा. पिळल्याने बिअर तुरट होते असं बरेच जण सांगतात पण तुरटपणा येतो तो पाणी फार गरम असलं आणि पीएच वर गेला की, हाताने दाबल्याने नाही. न पिळता १ किलो माल्ट जवळपास १ लिटर पाणी धरून ठेवतं, पिळलं तर निम्म्याच्या आसपास राहतं, म्हणजे हातचा अर्धा लिटर वाचला.

हॉप्समध्ये तर सरळ वजनच कमी करता येतं. नुसता कडवटपणा आणायला फगलसारखे कमी अल्फाचे, म्हणजे कमी कडू, हॉप्स घातले तर १० ते १२ ग्रॅम लागतात, तेवढाच कडवटपणा मॅग्नमच्या ४ ग्रॅममध्ये येतो. हॉप्सचे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, फुगून स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट वर्ट पितात, त्यामुळे हा फरक दिसतो तेवढा लहान नाही. वासासाठीचे हॉप्स आवडीचेच घ्या, तिथे काटकसर करू नका, फक्त बारीक मलमलच्या पिशवीत सैल बांधून घाला, घट्ट बांधले तर आतले कोरडेच राहतात.

मग येतं फायनिंग, म्हणजे काहीतरी घालून गढूळपणा खाली बसवणं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात किंवा निवळीची बी उगाळतात, तत्त्व तेच, बारीक कण एकमेकांना धरून जड होतात आणि बसतात. उकळताना घालायला आयरिश मॉस म्हणजे एक समुद्री शेवाळ असतं, त्याच्या प्रोटाफ्लॉक नावाच्या गोळ्या मिळतात. शाकाहारी मंडळींनी हेच वापरावं, कारण नंतर घालायच्या आयसिंग्लासमध्ये माशाची पिशवी असते आणि जिलेटिनही प्राण्याचंच, घरच्या बिअरला या दोन्हींपैकी काहीच लागत नाही. पण प्रमाण सांभाळा. गोळी २३ लिटरच्या हिशोबाने असते, साडेचार लिटरला तिचा पाचवा भाग किंवा त्याहून कमी, उकळण्याच्या शेवटच्या १० ते १५ मिनिटांत. चांगलं आहे म्हणून अख्खी टाकली तर उलटंच होतं, गाळ फुलतो, हलका आणि उंच राहतो आणि त्यात बिअर अडकून पडते.

उकळून झालं की झटपट गार करायचं. छोट्या बॅचचा इथे फायदा आहे, सिंकमध्ये थंड पाणी भरून पातेलं ठेवायचं, पाणी कोमट झालं की बदलायचं आणि शेवटी बर्फ. ते कोमट पाणी ओतून देऊ नका, त्यातच भांडी आणि पिशव्या धुऊन होतात. वर्ट जेवढं पटकन गार होईल तेवढं प्रोटीन जास्त फुटतं आणि ते पातेल्यातच राहतं. मग स्वच्छ केलेल्या चमच्याने गोल गोल ढवळून भोवरा करायचा, झाकण ठेवायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. गाळ मधोमध ढिगासारखा जमतो आणि कडेने स्वच्छ वर्ट डेमीजॉनमध्ये काढता येतं. थोडा गाळ गेला तर जाऊ द्या, यीस्टला त्यातून झिंक वगैरे मिळतं, उगाच शेवटच्या थेंबासाठी जीव काढू नका.

पातेल्यात जो लिटरभर लगदा उरतो तो लोक सिंकमध्ये ओततात आणि मला ते खरंच बघवत नाही. उकळत्या पाण्याने धुतलेल्या उंच काचेच्या बरणीत भरा, झाकण लावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बघा, खाली हिरवट करडा थर दाबून बसलेला असतो, त्यावर पांढुरके फुगीर गोळे, आणि वरचा जवळपास अर्धा भाग इतका निवळ असतो की बरणीपलीकडचं वाचता येतं. तो वरचा भाग अलगद ओतून घ्या, १० मिनिटं उकळा, गार करा आणि डेमीजॉनमध्ये घाला. एक अख्खी बाटली तिथेच परत मिळते. घालायचं नसेल तर गोठवून ठेवा, पुढच्या वेळी यीस्ट जागं करायला कामाला येतं.

यीस्टची गोष्ट मात्र लोक विसरतात. ११.५ ग्रॅमचं पाकीट मोठ्या बॅचसाठी असतं, साडेचार लिटरला ३ ग्रॅमच्या आसपास पुरे. अख्खं पाकीट टाकलं की तळाला विनाकारण जाड थर. उरलेलं पाकीट हवा काढून घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवायचं, कंपनी आठवड्याभरात वापरा म्हणते, म्हणून मी पाठोपाठच्या वीकेंडला दुसरी बॅच लावते. आणि यीस्ट निवडताना खाली बसण्याची सवय बघा. सफाल एस-०४ हे इंग्लिश यीस्ट बसतं ते घट्ट बसतं, बाटली वाकवली तरी थर हलत नाही. यूएस-०५ हे यीस्ट चव स्वच्छ देतं पण त्याचा थर त्यामानाने सैल असतो.

डेमीजॉन पहिल्या दिवसापासून एका बाजूला किंचित तिरका ठेवा, खाली लाकडाची पातळ पट्टी पुरते. गाळ एका कोपऱ्यात जमतो आणि सायफनची नळी दुसऱ्या बाजूला सोडता येते. या भांड्याच्या तळात १ सेंटिमीटर उंची म्हणजे जवळपास २०० मिली बिअर, त्यामुळे नळीचं टोक कुठे आहे याला फार महत्त्व आहे. फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, चालू असताना मधेच दुसऱ्या भांड्यात काढायचा जुना सल्ला छोट्या बॅचला लावू नका, दर वेळी थोडी बिअर मागे राहते आणि हवा लागते ती वेगळीच.

आणि हायड्रोमीटर, म्हणजे बिअरमध्ये तरंगवून तिची घनता मोजायचं साधन! एका तपासणीला १०० मिली लागतात, तीनदा तपासलं तर अर्ध्याहून जास्त बाटली तपासण्यातच संपली. प्रकाशाच्या वळण्यावरून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला दोनचार थेंब पुरतात. अल्कोहोल तयार झालं की त्याचा आकडा थेट खरा नसतो, गणित करून दुरुस्त करावा लागतो, पण फर्मेंटेशन थांबलंय का एवढंच बघायचं असेल तर दोनतीन दिवस तोच आकडा आला की झालं. हे न बघता बाटल्या भरू नका, बाटली फुटते तेव्हा काच लांबवर उडते.

आकडा स्थिर झाला की थंडी. फ्रिजमध्ये १ ते ३ अंशांवर दोनतीन दिवस, किंवा इथल्या जानेवारीत बाहेरची शेड. काय होतं ते जवळून बघण्यासारखं असतं, पहिल्या दिवशी वरची दोन बोटं निवळतात, मग ती रेषा हळूहळू खाली सरकत जाते आणि तळाचा थर दबून पातळ होतो. फक्त गार होताना भांडं आत हवा ओढतं आणि त्याबरोबर तोंडावरच्या एअरलॉकमधलं, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेतलं, पाणीही आत येऊ शकतं, म्हणून त्या आधी त्यात पाण्याऐवजी थोडी व्होडका घाला. एवढं निवळूनही बाटलीत गॅस तयार करण्यापुरतं यीस्ट बिअरमध्ये शिल्लक असतं, काळजी नको.

बाटलीत गॅस होण्यासाठीची साखर मी प्रत्येक बाटलीत घालते, ५०० मिलीला ३ ग्रॅम, त्यामुळे साखर मिसळायला वेगळी बादली लागत नाही. शेवटची बाटली गढूळच येणार, तिच्या बुचावर मार्करने खूण करा आणि ती पाहुण्यांना देऊ नका. बाटल्या उभ्याच ठेवायच्या, प्यायच्या आधी दोन दिवस फ्रिजमध्ये, आणि ओतताना एकाच धारेत, मधे बाटली सरळ केली की तळाचा थर उठलाच.

तरीही जे उरतं त्यातलं बरंच कामाचं असतं. डेमीजॉनच्या तळचं यीस्ट उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळून बरणीत ठेवलं तर दोनतीन आठवड्यांत पुढच्या बॅचला चालतं. बिअरच्या उरलेल्या यीस्टवर इंग्लंडातल्या बर्टनमध्ये १९०२ पासून मार्माइट हा पावाला लावायचा खारट लेप बनतोय, आख्खा धंदा उभा आहे त्यावर. पिळलेलं माल्ट मात्र त्याच दिवशी आवरा, ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी आंबट वास सुटतो. ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये १०० अंशांवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, मिक्सरमधून काढा, चाळा. साखर आणि स्टार्च बिअरमध्ये गेलेला असतो, फायबर आणि प्रोटीन उरतं. थालीपिठाच्या भाजणीत तीन वाट्यांना एक वाटी घातलं तर खमंग लागतं, त्याहून जास्त नको, थापताना फाटतं. पाणी जरा जास्त लागतं आणि कांदा सढळ हाताने घाला.

हॉप्सचा चोथा कंपोस्टमध्ये टाकता येतो, पण घरात किंवा शेजारी कुत्रा असेल तर अजिबात उघड्यावर टाकू नका. हॉप्स कुत्र्याच्या पोटात गेले तर अंगाचा ताप जीवघेणा चढतो, वापरलेले असले तरी. माझे मी पिशवीत बांधून सरळ झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकते.